बारावा गडी

गाजलेल्या चढाईपटूंच्या सह्या
सांगलीत शंभर घरांत मिळतील.
माझ्या डब्यात आहेत
नवयुग मंडळ, बुधगाव,
यांच्या राखीव बाकावरच्या.

एकवीस वर्षं प्रेसमध्ये कटिंग मशीनवर आहे मी.
लग्नपत्रिकांच्या कडा उरतात,
जाड कागद, एका अंगानं सोनेरी,
त्यांतून पत्त्यांएवढी कार्डं कापतो.
पुढं फोटो, मागं सही.
एखाद्या कार्डाच्या कडेला
'आमचे येथे श्री' एवढंच शिल्लक राहतं,
एखाद्यावर नुसतं 'आहेर'.

दिलावर मुजावर, डावा कोपरा.
चार हंगामांत तीन पकडी, तिन्ही मिरजेविरुद्ध.
एसटीत कंडक्टर होता.
कार्ड हातात दिलं
तर सवयीनं आधी भोक पाडायला निघाला.

भूपाल मगदूम यांनी
वडिलांच्या नावासकट सही केली,
खाली दोन रेघा, दोन टिंबं,
आणि पेन परत देताना हळूच विचारलं,
"जामीनबिमीन नाही ना रं कुणाला?"
पतसंस्थेत पोळलेला माणूस.

सुकुमार आवटीची सही सिव्हिलमधली,
गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची.
उताणा पडून लिहीत होता,
बॉलपेन वर धरलं की शाई उतरत नाही.
'सुकु' निळं आहे,
पुढचं नुसतं खोबणीत.
दिवा बंद असला तरी वाचता येतं,
बोट फिरवलं की.

बायको म्हणते, रद्दीवाला किलोनं घेईल,
पण किलोभर व्हायला
तुमचं मंडळ अजून दोनशे वर्षं हरायला पाहिजे.

डबा मीच बांधलाय, अडतीस कार्डांचा.
सदतीस होती.

तायाप्पा ऐवळे, बारा नंबर.
विट्याच्या फायनलला
शेवटच्या मिनिटात सगळे बाद झाले, जखमी झाले,
तेव्हा याला उठवलं.
बाकावरून उठताना बनियन आत खोचला होता त्यानं, आठवतं मला.
गेला. कुणाला शिवला नाही.
कुणाच्या हाती लागला नाही.
तोंडानं कबड्डी कबड्डी चालू, तसाच मागं आला.
वहीत लिहिलं : रिकामी चढाई.
त्यानंतर तो कधी मैदानावर दिसला नाही.

चार वर्षांनी सापडला
मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्याच्या दिवशी,
पाठीवर पोतं, कमरेला हुक,
पापण्यासुद्धा पिवळ्या.
कार्ड बघत उभा राहिला.
ग्रुप फोटोतून कापलेला तो चेहरा,
शेजारच्याचं कोपर तसंच राहिलेलं.
"हे माझं छापलंय?"
छापलं नाही, चिकटवलंय, मी म्हणालो.
"मी काय केलंय पण? जाऊन आलो निसता."
मग बऱ्याच वेळानं,
"दम मात्र तुटला नव्हता."

अंगठ्याचा डाग पडला कार्डावर.
घाण झालं म्हणून सदऱ्याला पुसायला लागला,
आणखी पिवळं झालं.
असू दे, म्हटलं,
पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद लागतेच.

"घरी नेऊ का? पोरगीला दाखवतो.
उद्या सही करून देतो."

उद्याला आता सात महिने झाले.
सोमवारी मी यार्डावरून सायकल घेतो,
प्रेसला ती वाट लांबची आहे.
पोत्यांच्या थप्पीवरून तो हात करतो,
"इसरलो बघा आजबी!"
पुढच्या खेपेला, मी ओरडतो,
आणि पेन खिशात आहे का
हे चाचपून बघतो, उगीच.

त्याचा दुसरा फोटो माझ्याकडं नाही.
डबा रात्री कपाटावर ठेवताना
एका कार्डाएवढा सैल आहे,
वाजतो.